जोड पाहणारे भिलानाना

विकत घ्यायच्या वस्तूजवळ भिलानाना कधी समोरून जात नसत. दुकानात शिरल्यावर ते थोडे बाजूला सरकत, वस्तूला लांबून वळसा घालत, मागच्या अंगाने तिच्याजवळ येत आणि काहीही न बोलता तिच्या पुठ्ठ्यावर एक सणसणीत थाप मारत. वस्तू फ्रिज असो, शिलाई मशीन असो की साधी बादली असो, या विधीत फरक पडत नसे. थापेसरशी वस्तू दचकली, म्हणजे तिचा एखादा स्क्रू वाजला, तर ती नापास. नाही दचकली, तर नाना दुकानदाराकडे वळून विचारत, "दात कितला?"

दात म्हणजे वय. बैलाचे वय दातांवरून ओळखतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण इस्त्रीचे दात विचारल्यावर काय सांगायचे, हे जळगावच्या बाजारात कुणालाच ठाऊक नव्हते. एका दुकानदाराने घाबरून "एक वर्षाची गॅरंटी" असे उत्तर दिले. त्यावर नाना प्रसन्न होऊन म्हणाले, "म्हणजे आजून खोंड शे."

नाना मूळचे धुळ्याजवळच्या एका खेड्यातले. उभ्या आयुष्यात त्यांनी शेती केली आणि पंचक्रोशीतल्या लोकांना बैल पारखून दिले. अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, आजारपणामुळे ते जळगावला आले आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले. एकुलती एक लेक, लता, धुळ्यालाच दिलेली होती. परंतु जावयाच्या घरी मुक्काम ठोकणे नानांच्या तत्त्वात बसत नव्हते. "जावाईना घर म्हणजे दुसराना गोठा," ते म्हणत. "वैरण चांगली शे, पन दावं दुसरानं शे."

बैलांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा होता म्हणतात. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मात्र त्यांची पारख सपशेल फसत असे. त्यांच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली एक छत्री केवळ घरातच उघडे. पण नानांना पश्चात्ताप ही गोष्ट माहीत नव्हती. बोलून झालेल्या प्रत्येक वाक्याबद्दल नंतर तासभर खंत करण्याची मला जुनी खोड आहे. त्यामुळे त्या छत्रीखाली दिवाणखान्यात ताठ मानेने उभ्या असलेल्या नानांचा मला मनापासून हेवा वाटे.

त्यांचे दुसरे वेड जोडीचे. "जोड दखा, मास्तर, जोड," हा त्यांचा मंत्र. मी तेव्हा रोज नशिराबादला शिकवायला जात असे, म्हणून मी मास्तर. एकटा बैल कितीही देखणा असला तरी त्याला किंमत नाही. शेजारी जुपलेला त्याच्या तोडीचा हवा, नाहीतर एक ओढतो आणि दुसरा नुसता चालतो, हे त्यांचे तत्त्वज्ञान. चपला घेताना ते दोन्ही पायांत घालून दुकानभर चालत आणि एकदा तर त्यांनी चांगली नवी चप्पल परत केली. कारण विचारले तर म्हणाले, "जेवनी बरी शे. डावी कामचुकार शे."

या जोडीच्या वेडाचे मूळ कुठे होते, ते अक्कांना पाहिल्यावर कळे.

अक्का आणि नाना लग्नापासून रोज दुपारी सारीपाट खेळत आले होते. लताताई सांगत की त्या डावांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. अक्का मुठीत कवड्या खुळखुळवू लागल्या की नाना आधीच कुरकुरत. हरल्यावर दोघांपैकी कुणीही शांत बसत नसे. नवऱ्याला जिंकू द्यावे, बायकोला सांभाळून घ्यावे, असा शिष्टाचार त्या पटावर कधी आलाच नाही.

मग अक्कांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, बोलणे सुधारले; उजव्या हाताचा अंगठाही हलू लागला. बोटांची मूठ मात्र वळेना आणि कवड्या जमिनीवर सांडू लागल्या. डॉक्टरांनी सांगितले, अंगठा चालता ठेवा, त्याच्यामागून बोटे येतील. त्यासाठी दिलेला रबरी चेंडू अक्कांनी खिडकीत ठेवून दिला. शेजारपाजारचे आम्ही सारे त्यांचे मन रमवायला जात असू. त्यांच्या वतीने कुणीतरी कवड्या टाकी, आणि आम्ही मोठ्या कौशल्याने हरत असू. हरताना "वा अक्का, काय डाव टाकला!" असेही म्हणत असू. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने पट दूर सारला. "तुमी खेया," त्या म्हणाल्या. "मी देखस." त्यानंतर तो पट गुंडाळून कपाटावर गेला आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या.

नाना मला जिन्यात गाठून म्हणाले, "मास्तर, मनी जोड वावरमा बठी गई." नांगरता नांगरता बैल वावरातच बसकण मारतो, तेव्हा त्याला मारून उपयोग नसतो, हेही त्यांनी सांगितले. "त्याले उठाले कारन जोयजे."

ते कारण माझ्याच घरात सापडले. सुट्टीत माझ्या बहिणीची मुले आली होती आणि त्यांनी भाड्याने टीव्ही गेम आणला होता. नाना साखर मागायला आले आणि वाटी हातात धरून दारातच खिळले. पडद्यावर काय चालले आहे, याकडे त्यांचे लक्षच नव्हते. ते मुलांचे हात पाहत होते. आपण ज्याला आता वेगळे नाव देऊ, त्या बटणांच्या पट्टीला मुले तेव्हा रिमोट म्हणत. ते रिमोट मांडीवर पडलेले होते आणि चालत होते फक्त अंगठे.

"मास्तर," नाना म्हणाले, "हाऊ ते आंगठाना खेय शे!"

साखर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शिकलेला माणूस म्हणून मला बरोबर घेऊन नाना टीव्ही गेम पारखायला बाजारात गेले.

दुकानदाराने मोठ्या उत्साहाने पहिले मॉडेल काचेवर ठेवले. नाना वळसा घालून मागून आले, थाप मारली. मशीन दचकले नाही. दुकानदार दचकला.

"ये देखो बाबा, सबसे चालू मॉडेल. बंदूक फ्री."

"कितल्या बंदुका?"

"एक."

"आनि खेयनारा?"

"दो."

नानांनी माझ्याकडे पाहिले. "माणसं दोन, बंदूक एक. हाऊ मानूस घरमा भांडन लावी देवाले बठेल शे."

बंदूक बाजूला ठेवली गेली. मग दुकानदाराने कॅसेट लावली. तिच्यावर ठळक आकड्यांत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ छापलेले होते. नानांनी यादी पुढे पुढे सरकवायला लावली. बदकांचा खेळ आला, रणगाड्यांचा आला, काही वेळाने पुन्हा बदके आली. फक्त आकाश निळ्याऐवजी जांभळे होते.

"थांब," नाना म्हणाले. "हाऊ तोच बैल शे. शिंगं रंगाडेल शेतस."

दुकानदाराने हे मान्य केले. खऱ्या खेळांची संख्या एका हाताच्या बोटांवर मावेल एवढी होती, असे तो हळू आवाजात म्हणाला आणि वर "सबका ऐसाच आता है" अशी पुस्ती जोडली. नानांना त्याचा राग आला नाही. बैलबाजारात शिंगे रंगवलेली असतातच, त्यावरून मालाला नाव ठेवायचे नसते, अशी त्यांची उदार भूमिका होती.

खरी अडचण पुढे आली. नानांनी दोन्ही रिमोट दोन हातांत घेऊन वजन केले, तारा ताणून लांबी पाहिली आणि मग ते एकाएकी गंभीर झाले. पहिल्या रिमोटवर मधोमध दोन जादा बटणे होती. दुसऱ्यावर ती जागा कोरी होती.

"हाई काय शे?"

"वो स्टार्ट का बटन है बाबा. चालू करने का, बीच में रोकने का. एक पे होता है, दूसरे को क्या जरूरत?"

"म्हणजे पह्यलानी मर्जी व्हयनी ते खेय चालू, पह्यलानी मर्जी व्हयनी ते बंद. आनि दुसरानी?"

"दूसरा तो साथ में खेलता है ना."

नानांनी रिमोट खाली ठेवला. "जोड बराबर नही," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

त्या बाजारातली सगळी मॉडेले आम्ही पाहिली. एक काळे, चकचकीत, विमानासारखे दिसणारे होते. एकाला टंकयंत्रासारखी पट्टी जोडलेली होती, त्यावर मुले अभ्यास करतात असे विक्रेता शपथेवर सांगत होता. मला ते काळे आवडले होते आणि मी तसे सौम्यपणे सुचवलेही. पण सगळ्यांची गत तीच. पहिला रिमोट मालक, दुसरा सालदार, म्हणजे सालाने राबणारा गडी. शेवटी एका दुकानदाराने कंटाळून सांगितले की दोन्ही रिमोट सारखे असलेले एक मॉडेल असते, पण त्याला उठाव नाही म्हणून जळगावात कुणी ठेवत नाही. धुळ्याला कदाचित मिळेल.

त्या रविवारी आम्ही एसटीने धुळ्याला निघालो. एरंडोल आणि पारोळा मागे पडेपर्यंत मी नानांना समजावत होतो की एका बटणासाठी एवढा प्रवास करणे जरा अतिरेकाचे आहे. अक्कांच्या हाती पहिला रिमोट दिला की प्रश्न मिटतो. नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मंग मी सालदार. मी बी कसाले? दोन्ही ओढनारा जोयजेत."

धुळ्याच्या बाजारपेठेत, रेडिओ दुरुस्तीचे असावे तसे दिसणाऱ्या एका जुन्या दुकानात ते मॉडेल निघाले. रंगाने ते मळकट पांढरे होते. बंदूक नव्हती, झगमगाट नव्हता. दोन्ही रिमोट मात्र हुबेहूब एकसारखे होते. दोन्हींवर स्टार्ट, दोन्हींच्या तारा समान, आणि दोन्ही मशीनपासून सुटे काढता येत होते. नानांनी थाप मारली. मशीन दगडासारखे स्वस्थ राहिले. त्यांनी डावा रिमोट उजवीकडे आणि उजवा डावीकडे जुपून पाहिला. मग डोळे मिटून आपला अंगठा एकेका बटणावर इतका हलका ठेवला, की बटण दबले ते त्यांच्या बोटाच्या वजनाने की श्वासाने, हे मला सांगता आले नसते. प्रत्येक बटण दबले.

"दात जुयेल शेतस," ते पुटपुटले. म्हणजे पूर्ण वयात आलेले, भरवशाचे.

मग सौद्याची वेळ आली. नानांनी खांद्यावरचे उपरणे काढून काउंटरवर पसरले आणि त्याखाली हात घालून तरुण दुकानदाराकडे पाहू लागले. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटे धरून, दाबून तो ठरवतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. त्या दुकानात गर्दी म्हणून मी एकटाच होतो. तरुणाला काही उमगेना. त्याला वाटले म्हाताऱ्याला फेफरे आले. "पाणी देऊ का, बाबा?" त्याने विचारले.

तेवढ्यात मागच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन बसलेले त्याचे वडील उठले. त्यांनी मुलाला कोपराने बाजूला सारले, बाही मागे केली आणि उपरण्याखाली हात घातला.

पुढची काही मिनिटे दोघेही एक शब्द बोलले नाहीत. उपरणे मात्र हालत होते. मधेच नानांनी मान झटकली. दुकानमालकाने छताकडे पाहून निःश्वास सोडला. नानांचा हात बाहेर आला. पुन्हा आत गेला. मुलगा तोंड उघडे टाकून आपल्या बापाकडे पाहत होता. अखेर दोघांचेही चेहरे एकदम उजळले आणि सौदा पटला.

"कोनतं गाव?" मालकाने विचारले. नानांनी गाव सांगितले. मालकाने चहा मागवला. भाव काय ठरला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मालकाच्या मुलालाही ते ठाऊक नसावे, कारण आम्ही निघेपर्यंत तो "पण बाबा, बिलावर काय लिहू?" असे विचारत होता.

परतीच्या प्रवासात नानांनी खोके मांडीवर घेतले होते. खड्डा आला की ते त्याला थोपटत.

अक्कांनी मशीनकडे पाहिलेसुद्धा नाही. "पोरेसोरेसनं शे ते," म्हणून त्यांनी तोंड फिरवले. नानांनी दुसरा रिमोट त्यांच्या उजव्या हाताखाली ठेवला आणि पहिला घेऊन खेळायला सुरुवात केली. पडद्याच्या दोन टोकांना दोन माणसे आणि मध्ये एक चेंडू, असा तो साधा खेळ होता. अक्कांचा माणूस जागचा हलत नव्हता. नाना त्याच्याविरुद्ध एकामागून एक गुण मिळवत होते आणि प्रत्येक डाव संपला की गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "हारनी! लतानी माय हारनी!"

हे असे दोन दिवस चालले. मला ते सहन होईना. आजारी बाईच्या निश्चल बाहुल्याला हरवून पुरुषाने दवंडी पिटावी, हे मला अमानुष वाटले. मी त्यांना बाजूला घेऊन, शक्य तितक्या मृदू शब्दांत म्हणालो, "नाना, त्यांना एखादा डाव जिंकू द्या."

नानांचा चेहरा बदलला. इतका वेळ ओरडणारा माणूस एकदम हळू बोलू लागला.

"मास्तर, तुमी बठ्ठासनी तिले कच्चं लिंबू करी टाकं."

मुलांच्या खेळात जे पोर लहान म्हणून घेतलेले असते, जे बाद होत नाही आणि ज्याच्यावर राज्यही येत नाही, ते कच्चे लिंबू. मी काही उत्तर देणार, एवढ्यात आत आपोआप चालू राहिलेल्या डावातला चेंडूचा टकटक आवाज बंद पडला.

नाना धावत आत गेले. पडद्यावर चेंडू मधोमध हवेत थांबला होता. मशीन बिघडले असे वाटून नानांनी त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. चेंडू हलला नाही. त्यांनी आपले स्टार्ट दाबायला अंगठा उचलला.

"त्याले हात लावू नका," अक्का म्हणाल्या. "थांबाडेल शे मी."

त्यांचा उजवा अंगठा दुसऱ्या रिमोटच्या मधल्या बटणावर होता आणि थरथरत होता.

"पाठले उशी द्या. मंग देखस, कोन हारस ते."

नानांनी उशी दिली. दोन दिली. अक्कांनी अंगठा पुन्हा दाबला आणि चेंडू सुटला.

त्या दिवशी त्या हरल्या. दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतरही कित्येक दिवस त्या हरतच राहिल्या. नानांनी एकही गुण सोडला नाही आणि एकही दवंडी गाळली नाही. पण भिंतीपलीकडून आता दुसराही आवाज येऊ लागला होता. "चेंडू रेघना बाहेर व्हता!" "डोया फुटेल शेतस का?" "परत लावा, परत!" अंगठ्यामागून तर्जनी आली. तर्जनीमागून उरलेली बोटे रिमोटला विळखा घालू लागली. खिडकीतला रबरी चेंडू मात्र अखेरपर्यंत तिथेच होता. मांजर त्याच्याशी खेळत असे.

आणि मग एका दुपारी नाना अनवाणी बाहेर आले. त्यांची टोपी तिरकी झाली होती. गल्लीच्या मध्यभागी उभे राहून, दोन्ही हात वर करून ते गर्जले, "हारनू! मी हारनू! आयका बठ्ठा, मी खरं हारनू!"

दारे उघडली. पराभवाची अशी मिरवणूक आमच्या गल्लीने कधी पाहिली नव्हती. नानांनी घरोघर पेढे दिले. दोन्ही रिमोटना गुलाल लावला. त्यातला थोडा बटणांच्या फटीत गेला तो कायमचा. आत अक्का उशीला टेकून, राणीसारख्या, अभिनंदन स्वीकारत होत्या. मी नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, तुमी खेयशात का? पन मन लाईसन." मी खेळलो. मन लावून खेळलो आणि लाजिरवाण्या फरकाने हरलो. ज्यांची मला खंत वाटत नाही अशा गोष्टी माझ्या आयुष्यात फार थोड्या आहेत. तो पराभव त्यांपैकी एक आहे.

हिवाळ्यात अक्का इतक्या सावरल्या की लताताई येऊन त्यांना महिनाभरासाठी धुळ्याला घेऊन गेल्या. नानांनी हसत निरोप दिला. "जाय, मी बी जरा इसावा लेस," ते म्हणाले.

विसावा त्यांना मानवला नाही. चार दिवसांत ते दुकानांतल्या वस्तूंना थापा मारायचे विसरले. पावाच्या लाद्या घेताना त्यांनी जोडसुद्धा पाहिली नाही. मशीनवर त्यांनी अक्कांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला होता आणि सकाळी तो काढून ते दोन्ही रिमोट पुसत, तारा सारख्या गुंडाळत आणि पुन्हा शेजारी शेजारी ठेवत. एका संध्याकाळी मला राहवले नाही. "चला नाना, आज मी बसतो समोर," म्हणून मी दुसऱ्या रिमोटकडे हात नेला.

नानांनी तो अलगद उचलून आपल्याकडे घेतला.

"नको, मास्तर. हाऊ दुसराना हातले चालत नही."

महिना पुरा व्हायच्या कितीतरी आधी, एका सकाळी, रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. एका हातात काठी होती. दुसऱ्या हातात, उजव्या, पिशवी होती. बोटांनी ती घट्ट धरली होती. मी आणि नाना दोघेही दारात धावलो. काही बिनसले का, तब्येत बिघडली का, जावई काही बोलले का, नानांनी एका दमात सगळे विचारले.

"नही वो," अक्का पिशवी खाली ठेवत म्हणाल्या. "चांगलं शे बठ्ठं. नातूकडे बी हाई मशीन शे. रोज खेयूत आमी."

"मंग?"

अक्का खाटेवर बसल्या. पदराने त्यांनी तोंड पुसले.

"तठे कोनी खेयत नही," त्या म्हणाल्या. "तठे बठ्ठा हारतस."

नानांनी मशीनवरचा लुगड्याचा तुकडा काढला, कॅसेट उपसली, आमच्याकडे पाठ केली आणि तिच्यात फुंकर मारू लागले. धूळ बसली की कॅसेट चालत नाही, म्हणून तेव्हा सगळेच तशी फुंकर मारत. पण ती कॅसेट नानांनी थोड्या वेळापूर्वीच पुसलेली मी पाहिली होती. ते फुंकत राहिले. त्यांचे खांदे हलत होते आणि फुंकर काही केल्या संपत नव्हती.

अक्कांनी दुसरा रिमोट उचलला, अंगठा स्टार्टवर ठेवला आणि त्या पाठीकडे पाहून म्हणाल्या,

"झायं का फुकीसन? का हारानं भेव वाटस?"